मातीचा पाइप आणि मोजणीचे शास्त्र

“आमचे आजोबा रोज विड्यांचे एक बंडल संपवायचे आणि तरी नव्वद वर्षे जगले. मग तंबाखू वाईट कशी?” तंबाखूवर बोलायला वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. प्रश्न विचारणारा मुलगा खोटे बोलत नसतो. आजोबा खरोखरच नव्वद वर्षे जगलेले असतात. अशा मुलाला दटावून खाली बसवणे सोपे असते, पण त्याचे समाधान होईल असे उत्तर देणे सोपे नसते.

यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळवायला विज्ञानालाही साडेतीनशे वर्षे लागली. इतका वेळ का लागला, हे समजून घेण्यासाठी आपण या लेखात एका साध्या वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे तंबाखू ओढायचा मातीचा पाइप.

व्हर्जिनियातून आलेली सवय

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ती स्पेन आणि पोर्तुगालमध्ये आली. १५६० मध्ये लिस्बनमधला फ्रेंच वकील झां निको याने ती औषधी वनस्पती म्हणून फ्रान्सच्या दरबारी पाठवली. निकोटिन हे नाव त्याच्याच नावावरून पडले. पण पाइप ओढण्याची रीत इंग्लंडमध्ये रुजली ती मुख्यतः व्हर्जिनियातून परतलेल्या लोकांमुळे. त्यांच्यातल्या एकाची ओळख विज्ञानाच्या शिक्षकांना असायलाच हवी. त्याचे नाव टॉमस हॅरियट.

हॅरियट गणिती होता. प्रकाशाच्या अपवर्तनाचा जो नियम आपण स्नेलच्या नावाने शिकवतो, तो हॅरियटला स्नेलच्या सुमारे वीस वर्षे आधी सापडला होता. जुलै १६०९ मध्ये त्याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले, म्हणजे गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण त्याने यातले काहीच छापले नाही आणि श्रेय दुसऱ्यांकडे गेले.

तरुणपणी, १५८५-८६ मध्ये, हॅरियट वॉल्टर रॅलेच्या मोहिमेबरोबर रोअनोक बेटावर गेला. हे बेट आज अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे. तेथील मूळ रहिवाशांची भाषा तो शिकला आणि परत आल्यावर १५८८ मध्ये त्याने त्या प्रदेशाचा वृत्तान्त छापला. त्यात तंबाखूचेही वर्णन आहे. हे लोक वाळलेल्या पानांची पूड मातीच्या नळीत घालून तिचा धूर ओढतात. त्याने शरीरातला कफ निघून जातो, रंध्रे मोकळी होतात. आपल्याकडे इंग्लंडात असलेले कित्येक रोग त्यांना ठाऊकच नाहीत, असे त्याने लिहिले. आपण स्वतः तेथे असताना धूर ओढत होतो आणि परतल्यावरही ओढतो, हेही त्याने नमूद केले.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. इंग्रज ज्या गावांत जाऊन आले, त्यांतल्या काही गावांत ते निघून गेल्यावर थोड्याच दिवसांत माणसे भराभर मरू लागली, हे हॅरियटने टिपून ठेवले आहे. युरोपातून आलेल्या रोगाची ती साथ असणार. जंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात त्याच्या नजरेतून हा संबंध सुटला नाही. मग तंबाखूच्या बाबतीत त्याची नजर कशी चुकली?

उत्तर काळाच्या अंतरात आहे. भेट आणि मृत्यू यांत काही दिवसांचेच अंतर असेल, तर तीक्ष्ण नजरेच्या माणसाला संबंध दिसतो. कारण आणि परिणाम यांच्यात तीस वर्षे असतील तर तो दिसत नाही. धूर ओढल्यावर लगेच जाणवतो तो हुशारीचा झटका. अपाय जाणवायला अर्धे आयुष्य जावे लागते. १६१५ च्या सुमारास हॅरियटच्या नाकापाशी व्रण झाल्याची नोंद त्याच्या डॉक्टरने केली आहे, आणि हा माणूस तंबाखू ओढतो हेही तेथे लिहिले आहे. जुलै १६२१ मध्ये नाकाच्या कर्करोगाने हॅरियट मरण पावला.

हा कर्करोग तंबाखूनेच झाला असे म्हणता येईल का? तसा मोह होतो, पण म्हणता येणार नाही. तंबाखू न ओढणाऱ्यालाही असा रोग होऊ शकतो. नव्वद वर्षे जगलेल्या आजोबांवरून जसे काही सिद्ध होत नाही, तसेच एकट्या हॅरियटवरूनही होत नाही. हा न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लावायला हवा. आपल्या मताला सोयीचे उदाहरण असले की शिक्षकसुद्धा हे विसरतात.

नवशिक्याने पाइप कोणता घ्यावा?

१६०० च्या सुमारास लंडनमध्ये नव्याने पाइप ओढू लागलेल्या माणसापुढे फारशी निवड नव्हती. पाइप पांढऱ्या मातीचा. नळी वीतभरही नाही, आणि तंबाखू भरायची वाटी करंगळीचे टोक जेमतेम जाईल एवढी. वाटी इतकी लहान, कारण तंबाखू फार महाग होती. १६०४ मध्ये राजा पहिला जेम्स याने तिच्यावरची जकात पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. बारा पेन्सांचा एक शिलिंग, म्हणजे जकात एकेचाळीस पट झाली.

पुढे तंबाखू स्वस्त होत गेली. व्हर्जिनियात जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास स्पॅनिश जातीच्या तंबाखूची लागवड केली आणि काही वर्षांतच तेथून जहाजे भरून माल येऊ लागला. भाव उतरले तशी पाइपची वाटी मोठी होत गेली. वाटीचे आकारमान हे जणू तंबाखूच्या बाजारभावाचे उलटे मापच झाले. आज संग्रहालयात शे-दीडशे वर्षांच्या काळातले पाइप ओळीने मांडलेले पाहिले, तर अर्थशास्त्राचा हा धडा एकही शब्द न वाचता समजतो.

पाइप बनवण्याची कृतीही सोपी होती. लोहाचा अंश कमी असलेली, भाजल्यावर पांढरी राहणारी माती घ्यायची. तिची एका टोकाला गोळा असलेली लांबट वात वळायची. तिच्यातून तेल लावलेली तार काळजीपूर्वक आरपार न्यायची आणि तारेसकट ती वात दोन फाळ्यांच्या साच्यात दाबायची. खुंटी दाबून वाटी पोकळ करायची, तार काढून घ्यायची, वाळवायचे आणि भट्टीत भाजायचे. तारेने पडलेले भोक म्हणजेच धुराची वाट. हे भोक लक्षात ठेवा, पुढे ते फार महत्त्वाचे ठरणार आहे.

लंडनच्या पाइप कारागिरांच्या संघाला १६१९ मध्ये राजाची सनद मिळाली. हॉलंडमधले खाउडा आणि इंग्लंडमधले ब्रोझली ही गावे या धंद्यासाठी नावाजली. मातीचा पाइप स्वस्त होता आणि ठिसूळही होता. हातातून पडला की तुटायचा. तुटलेली नळी लोक अंगणात, गटारात, शेतात फेकून देत. भाजलेली माती कुजत नाही. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज जेथे जेथे वस्ती करून राहिले, तेथे जमिनीत अशा नळ्यांचे तुकडे ढिगाने सापडतात.

दोन दरबार, एक वाद

ज्या जेम्सने जकात वाढवली, त्यानेच १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहून छापली होती. ही सवय डोळ्यांना ओंगळ, नाकाला नकोशी, मेंदूला आणि फुप्फुसांना घातक आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यातल्या फुप्फुसांच्या उल्लेखाचे आज कौतुक वाटेल. पण राजापाशी कसलाही पुरावा नव्हता. त्याचा मुख्य आक्षेप असा, की ही रानटी लोकांची चाल आहे. निष्कर्ष बरोबर असला तरी त्याचे कारण चुकीचे असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जवळपास त्याच वेळी आपल्या देशातही असाच वाद झाला. पोर्तुगिजांमार्फत तंबाखू दख्खनमध्ये पोचली होती. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी वकिलातीवर गेला असताना त्याला ती प्रथम दिसली. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि एक रत्नजडित पाइप बादशहासाठी आणला. या प्रसंगाची हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले, तेव्हा दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. हे औषध अपरिचित आहे, आपल्या ग्रंथांत त्याविषयी काही नाही, त्यामुळे बादशहाने ते घेऊ नये, असे तो म्हणाला. त्यावर असद बेगचे उत्तर असे : युरोपीय लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती.

हा वाद वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे. एकाचा आधार ग्रंथ, दुसऱ्याचा आधार परक्या शहाण्यांचे अनुकरण. ओढणारे किती, न ओढणारे किती, आणि दोघांचे पुढे काय झाले हे पाहू, असे लंडनमध्ये कोणी म्हणाले नाही आणि आग्र्यातही नाही. अकबराने पुढे ती ओढली नाही, पण सरदारांत ती पसरली. जहांगीरने १६१७ मध्ये बंदी घातली, तिचाही उपयोग झाला नाही.

ओठावरची खूण

मातीचा पाइप ओढणाऱ्याच्या शरीरावर खुणा उमटत. खरखरीत नळी रोज त्याच जागी दातांत धरली की दात झिजतात. वरच्या-खालच्या दातांत मिळून गोल खाच पडलेली कवटी दफनभूमीत सापडली, की हा माणूस पाइप ओढणारा होता हे पुरातत्त्वज्ञ ओळखतात. माती सच्छिद्र असल्यामुळे कोरडी नळी ओठाला चिकटते. म्हणून नळीच्या टोकाला मेण किंवा चकाकीचा लेप देत असत.

१७९५ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॅम्युअल टोमास झ्योमरिंग याने एक निरीक्षण नोंदवले. ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत अधिक आढळतो, आणि तोही खालच्या ओठाला, जेथे पाइप दाबला जातो. पाइप आणि रोग यांचा संबंध सांगणाऱ्या अगदी जुन्या वैद्यकीय नोंदींपैकी ही एक. झ्योमरिंगला ते दिसले, कारण येथे कारण आणि परिणाम निदान एकाच जागी होते. तरीही त्याने मोजणी केली नव्हती. पाहणे आणि मोजणे यांतली पायरी अजून चढायची होती.

दरम्यान पाइप बदलले. एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांनी मीरशॉम पसंत केला. मॅग्नेशियमचे सिलिकेट असलेले हे हलके पांढरे खनिज तुर्कस्तानात एस्किशहिरजवळ निघते. ते कोरायला मऊ, उष्णता झेलणारे आणि धुरातला ओलावा शोषणारे असते. १८५० नंतर फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावाने ब्रायरचे पाइप आणले. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या बुंध्याशी, मुळांवर, गाठ येते. तिचे लाकूड घट्ट असते आणि सहजासहजी जळत नाही. ब्रायर पडला तरी फुटत नाही, त्यामुळे मातीचा पाइप मागे पडत गेला. विसाव्या शतकात सिगारेट या सर्वांच्या पुढे गेली.

नळीच्या भोकांची मोजणी

मातीच्या पाइपला संशोधनात खरे महत्त्व आले ते त्याचा वापर जवळजवळ संपल्यावर. व्हर्जिनियातील जेम्सटाउन ही इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वस्ती, १६०७ मध्ये वसलेली. तेथे उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांना नळ्यांचे असंख्य तुकडे मिळाले. वाटी सापडली तर तिच्या आकारावरून काळ सांगता येतो. पण नुसता नळीचा तुकडा हाती आला तर? सगळे तुकडे सारखेच दिसतात.

हॅरिंग्टन यांच्या लक्षात आले की जुन्या नळ्यांचे भोक मोठे आहे आणि नव्यांचे लहान. त्यांनी साधी युक्ती केली. ड्रिल यंत्राची, एक चौसष्टांश इंचाच्या फरकाने वाढत जाणारी पाती घेतली आणि कोणते पाते भोकात बरोबर बसते ते पाहिले. एक चौसष्टांश इंच म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. ज्यांचा काळ इतर पुराव्यांवरून माहीत होता अशा ३३० नळ्या त्यांनी मोजल्या आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले. १६२० ते १६५० या काळातल्या नळ्यांत सर्वाधिक प्रमाण ८/६४ इंच भोकाचे होते, पुढे ७/६४, ६/६४, ५/६४ असे घटत १७५० ते १८०० या काळात ते ४/६४ वर आले. कारण असे दिले जाते, की नळ्या लांब होत गेल्या आणि लांब नळीसाठी कारागिराला बारीक तार वापरावी लागली.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. १६२०-५० च्या नळ्यांपैकी ८/६४ भोकाच्या होत्या ५९ टक्के. उरलेल्या त्याहून लहान किंवा मोठ्या भोकाच्या होत्या. म्हणजे ७/६४ भोकाचा एकच तुकडा हातात घेतला, तर तो १६३० चा असू शकेल, १६६५ चा किंवा १७०० चाही असू शकेल. एका तुकड्यावरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. शंभर तुकड्यांची सरासरी मात्र बरेच सांगते.

१९६२ मध्ये लुईस बिनफर्ड यांनी या माहितीतून सरळ रेषेचे समीकरण काढले :

वर्ष = १९३१.८५ − (३८.२६ × भोकाचा सरासरी व्यास, चौसष्टांश इंचांत)

समजा, एका जागी १०० तुकडे सापडले. १० तुकड्यांचे भोक ८, ५० तुकड्यांचे ७ आणि ४० तुकड्यांचे ६ चौसष्टांश इंच. सरासरी आली ६.७. समीकरणात घालून पाहा, वर्ष येते सुमारे १६७५. हा त्या वस्तीचा सरासरी काळ. आठवीच्या विद्यार्थ्यालाही हे गणित जमेल.

आता व्यास शून्य घालून पाहा. वर्ष येते १९३२. म्हणजे त्या वर्षी पाइपचे भोक नाहीसे झाले आणि लोक भरीव नळ्या ओढू लागले! विद्यार्थी हसतील, आणि हसावेच. सूत्र ज्या माहितीवर उभे आहे तिच्या हद्दीबाहेर ते चालत नाही, हे त्या हसण्यातून कायमचे लक्षात राहते. प्रत्यक्षातही अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या नळ्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही. वस्ती दीर्घकाळ नांदली असेल तर केवळ मधले वर्ष मिळते, आरंभ आणि अखेर मिळत नाहीत.

माणसांची मोजणी

नळ्या मोजणारा हॅरिंग्टन यांचा लेख १९५४ चा. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तंबाखू ओढणाऱ्या माणसांच्या मोजणीचा एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिला होता रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी.

दोघांनी १९५० मध्येच पहिले पाऊल टाकले होते. लंडनच्या वीस रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष आणि दुसऱ्या आजारांचे तितकेच पुरुष यांच्या सवयी त्यांनी विचारल्या. कर्करोग्यांत कधीच तंबाखू न ओढलेले निघाले फक्त २, दुसऱ्या गटात २७. हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारा, दुसऱ्या गटात ओढणारे किती? ६२२. म्हणजे जवळजवळ सगळेच ओढत होते. सगळेच ओढतात तेव्हा संबंध डोळ्यांना दिसणे अशक्यच. नळीचा एक तुकडा जसा मुका, तसाच एक आजोबाही. ही माहिती हाती येत असतानाच डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली.

रुग्ण आपल्या सवयी चुकीच्या सांगत असतील, अशी शंका राहतेच. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली. ४०,००० हून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली. मग वाट पाहायची आणि कोण कशाने मरतो ते नोंदवायचे. १९५४ पर्यंत ३५ वर्षांवरील पुरुषांत ७८९ मृत्यू झाले. त्यांपैकी ३६ फुप्फुसाच्या कर्करोगाने, आणि त्या ३६ जणांत तंबाखू न ओढणारा एकही नव्हता. तंबाखू जितकी जास्त, तितका दर जास्त. ही नोंद पन्नास वर्षे चालू राहिली. २००४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार सिगारेट ओढत राहिलेले पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले. तिशीत सोडणाऱ्यांचा हा तोटा जवळजवळ पूर्ण टळला.

विड्या ओढणाऱ्या आणि तंबाखू चघळणाऱ्या आपल्या देशाला इंग्लंडचे आकडे लागू पडतील का? हा प्रश्न मुंबईत तेव्हाच विचारला गेला होता. टाटा मेमोरियल रुग्णालयातले ल. दे. संघवी, राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी रुग्णांच्या सवयींची तशीच पाहणी केली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी आणि विडीचा घशाच्या मागील भागाच्या कर्करोगाशी असल्याचे त्यांत दिसले. तंबाखू जेथे टेकते तेथे रोग, हे झ्योमरिंगचे निरीक्षण आता मोजून मिळाले होते.

पाइप ओढणारा संख्याशास्त्रज्ञ

या निष्कर्षांना सर्वांत वजनदार विरोध केला तो सर रोनाल्ड फिशर यांनी. आधुनिक संख्याशास्त्राचा बराचसा पाया त्यांनीच घातलेला. ते स्वतः पाइपचे शौकीन होते आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. १९५७-५८ मध्ये त्यांनी लिहिले, की दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्ही एकाच आनुवंशिक गुणाने येत असतील.

फिशर पाइप ओढत आणि पैसे घेत म्हणून त्यांचे म्हणणे चूक, असे उत्तर देणे हे विज्ञान नव्हे. प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे होते. ते मिळाले. तंबाखू सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक कमी होत जातो. माणूस सवय सोडतो तेव्हा त्याची जनुके बदलत नाहीत. मग धोका का घटावा? फिशर १९६२ मध्ये वारले, आणि मत बदलले नाही. हॅरियटपाशी मोजणीचे साधन नव्हते. फिशर यांच्या हाती ते साधन होते, नव्हे त्यांनीच ते घडवले होते. तरी आपल्या आवडीच्या वस्तूवर ते चालवणे त्यांना जड गेले. आम्हा संशोधकांना हा इतिहास अस्वस्थ करतो, आणि तसा तो करायलाच हवा.

पाइपविषयी एक शंका मात्र खरी होती. सुरुवातीच्या पाहण्यांत पाइप ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा बराच कमी दिसे. याचे एक कारण रसायनशास्त्रात आहे. सिगारेटची तंबाखू बहुतांशी गरम खोलीत सुकवतात, तिच्यात साखर टिकते आणि धूर आम्लधर्मी होतो. अशा धुरातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही, त्यामुळे धूर छातीत घ्यावा लागतो. सावलीत वाऱ्यावर सुकवलेल्या पानांत साखर उरत नाही. त्यांचा धूर आम्लारिधर्मी असतो आणि निकोटिन तोंडातूनच रक्तात जाते. पाइपच्या मिश्रणांत अशा पानांचा वाटा मोठा असू शकतो. त्यामुळे धूर तोंडात जास्त घोळतो आणि फुप्फुसांत कमी जातो.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९६४ च्या अहवालातच पाइप हे ओठाच्या कर्करोगाचे कारण मानले. पुढे १९८२ पासून तेथील सुमारे १,३८,००० पुरुषांची नोंद ठेवण्यात आली. तिचे २००४ मध्ये विश्लेषण झाले, तेव्हा केवळ पाइप ओढणाऱ्यांतही फुप्फुस, घसा आणि स्वरयंत्र यांचे कर्करोग, तसेच हृदयविकार तंबाखू न ओढणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. माती, मीरशॉम, ब्रायर यांपैकी कोणता पाइप उत्तम, यावर चारशे वर्षे चर्चा झाली. धुराच्या दृष्टीने त्या निवडीला फारसा अर्थ नव्हता.

वर्गात करून पाहण्यासारखे

मातीचे पाइप आपल्याकडे मिळणार नाहीत, पण रुपयाची नाणी मिळतील. १९७५ नंतरचे रुपयाचे नाणे टप्प्याटप्प्याने लहान होत गेले आहे. घराघरांतून जुनी-नवी नाणी गोळा करायला सांगा. पट्टीने व्यास मोजा, वर्ष आडव्या अक्षावर आणि व्यास उभ्या अक्षावर मांडा, बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा काढा. रुपया केव्हा नाहीसा होईल, हे त्या रेषेला विचारा. उत्तर ऐकून हसू आले की बिनफर्ड यांची गोष्ट सांगा.

मग आजोबांच्या प्रश्नाकडे वळा. त्या मुलाला सांगा, तुझे आजोबा खरेच, पण ते एकच तुकडा आहेत. आजीकडून एवढेच विचारून ये : आजोबांबरोबर पारावर बसून विडी ओढणारे त्यांच्या वयाचे आणखी कोण कोण होते, आणि त्यांतले किती जण नव्वदीपर्यंत पोचले? जे पोचले त्यांची गोष्ट घरात ऐकायला मिळते. जे पोचले नाहीत, त्यांची नातवंडे आजोबांचे उदाहरण द्यायला वर्गात उभी राहत नाहीत.